आठवडे वाया घालवू नका: सीमाभागातील कायदेशीर गर्भपाताची वाट, टप्प्याटप्प्याने

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी, कागवाड या पट्ट्यात गर्भपाताचा विषय निघाला की दोन टोकाची मते ऐकू येतात. एक म्हणजे गर्भपात हा गुन्हाच आहे. दुसरे म्हणजे मेडिकलमधून गोळ्या आणल्या की प्रश्न मिटतो. दोन्ही चुकीची आहेत आणि दोन्हींची किंमत बाईलाच मोजावी लागते. कायद्याने जिला परवानगी आहे अशी बाईसुद्धा चुकीच्या क्रमाने दारे ठोठावत राहते, कायद्याने न मागितलेल्या सह्या गोळा करत बसते आणि तेवढ्यात मुदत निघून जाते. म्हणून या लेखात क्रमावर भर दिला आहे.

एक गैरसमज आधीच दूर करायला हवा. गर्भपाताचा कायदा हा केंद्राचा, १९७१ चा आहे. त्यातील मोठी दुरुस्ती २४ सप्टेंबर २०२१ पासून लागू झाली. तो बेळगावात आणि कोल्हापुरात अक्षरशः एकच आहे. त्यामुळे ‘पलीकडे नियम सैल आहेत’ या समजुतीने गडहिंग्लज किंवा मिरजेची एसटी धरण्यात अर्थ नाही. ओळखीचे डॉक्टर, भाषा किंवा गुप्तता यांसाठी कोणी सीमा ओलांडत असेल तर त्याला आडकाठी नाही, कारण रहिवासाची अट कायद्यात नाही. मात्र प्रवासात गेलेले दिवस मुदतीतूनच वजा होतात.

टप्पा १: आठवडे नीट मोजणे

बहुतेक घोळ इथेच होतो. पाळी चुकली त्या दिवसापासून किंवा संबंध आला त्या दिवसापासून मोजायचे नसते. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजायचे असते. पाळी चुकल्याचे लक्षात येते तेव्हाच, पाळी नियमित असेल तर, चार आठवडे होऊन गेलेले असतात. ‘पंधरा दिवस वर गेलेत’ असे म्हणणारी स्त्री खरे तर सहा आठवड्यांची गर्भवती असते.

तारीख आठवत नसेल तर सणवारांचा आधार घ्यावा. पाळी यल्लम्माच्या जत्रेच्या आधी आली होती की नंतर, संक्रांतीला देवघरात जाता आले होते का, गणपतीच्या दिवसांत काय होते, असे विचारले की बहुतेकींना आठवते. मग कॅलेंडरवर ती तारीख शोधून बोटाने आठवडे मोजावेत. उदाहरणार्थ, शेवटची पाळी १४ जानेवारीला सुरू झाली असेल आणि वर्ष लीप नसेल, तर १८ मार्चला नऊ आठवडे पूर्ण होतात, १ एप्रिलला अकरा, ३ जूनला वीस आणि १ जुलैला चोवीस. या तारखा कागदावर लिहून पर्समध्ये ठेवाव्यात.

पाळी आठवडाभर लांबली की लघवीची तपासणी करून घ्यावी. ‘निश्चय’ किट आशा कार्यकर्तीकडे मिळते. तिला सांगणे अवघड वाटत असेल तर औषधाच्या दुकानात कोणत्याही चिठ्ठीविना किट विकत मिळते.

*इशारा:* डॉक्टर नाही म्हणतील या भीतीने तारीख मागे-पुढे सांगू नये. सोनोग्राफीत वय कळतेच, आणि एकदा अविश्वास निर्माण झाला की पुढचे सगळे जड जाते.

टप्पा २: आपण कायद्याच्या कोणत्या मुदतीत आहोत ते ओळखणे

वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचे मत पुरते. इथे एक गोष्ट स्पष्ट समजून घ्यावी: केवळ ‘मला नको’ म्हटले की गर्भपात करून मिळावा, असा आपला कायदा नाही. गर्भ वाढवल्याने स्त्रीच्या जिवाला धोका आहे, तिच्या शारीरिक किंवा मानसिक आरोग्याला गंभीर इजा होईल, किंवा बाळात गंभीर व्यंग असण्याचा धोका आहे, असे मत डॉक्टरने बनवावे लागते. तथापि हा दरवाजा वाटतो तितका अरुंद नाही. गर्भनिरोधक साधन फसल्यामुळे दिवस गेले असतील तर त्यातून होणारा मनस्ताप ही मानसिक आरोग्याला झालेली गंभीर इजा आहे असे गृहीत धरता येते, असे कायदा सांगतो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर हे ‘स्त्री किंवा तिचा जोडीदार’ अशा शब्दांत आहे, म्हणजे लग्न झालेले असण्याची अट नाही. शिवाय स्त्रीची सध्याची आणि पुढे येऊ घातलेली परिस्थितीही डॉक्टरला विचारात घेता येते. हातात पैसा नसणे, नवऱ्याचे दारूचे व्यसन, अंगावर पिणारे मूल या गोष्टी म्हणूनच डॉक्टरसमोर बोलाव्यात. अनेक जणी फक्त ‘नको आहे’ एवढेच सांगून गप्प बसतात, आणि मग डॉक्टरच्या कागदावर लिहायला कारणच उरत नाही.

वीस ते चोवीस आठवड्यांत दोन डॉक्टरांचे मत लागते आणि ही मुभा ठरावीक स्त्रियांनाच आहे: बलात्कार, लैंगिक अत्याचार किंवा जवळच्या नात्यातील अत्याचाराला बळी पडलेल्या, अठरा वर्षांखालील मुली, गरोदरपणात वैधव्य, घटस्फोट यांसारखा वैवाहिक स्थितीत बदल झालेल्या, मोठे शारीरिक अपंगत्व असलेल्या, मानसिक आजार असलेल्या, गर्भात गंभीर व्यंग आढळलेल्या, आणि सरकारने जाहीर केलेल्या आपत्तीत सापडलेल्या. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात अविवाहित स्त्रीलाही या मुदतीचा लाभ दिला. बलात्काराच्या कारणासाठी गुन्हा नोंदलेला किंवा सिद्ध झालेला असण्याची गरज नाही आणि गर्भपातापुरता नवऱ्याने केलेला बलात्कारही त्यात धरावा, असेही त्याच निकालात आहे.

चोवीस आठवड्यांपुढे फक्त गर्भातील गंभीर व्यंगासाठी, तेही वैद्यकीय मंडळाच्या निर्णयाने परवानगी मिळते. स्त्रीचा जीव वाचवण्यासाठी तातडीने गर्भपात करणे आवश्यक असेल तर आठवड्यांची कोणतीही मर्यादा नाही आणि एका डॉक्टरचे मत पुरेसे आहे.

*तपासणी:* व्यंग शोधणारी सविस्तर सोनोग्राफी साधारण अठरा ते वीस आठवड्यांत करतात. ती ‘सातव्यात करू’ म्हणून पुढे ढकलली तर व्यंग कळते तेव्हा चोवीस आठवडे उलटलेले असतात. मूल हवे असलेल्या स्त्रीनेही ही तारीख चुकवू नये.

टप्पा ३: योग्य जागा निवडणे

सरकारी रुग्णालयाला वेगळी मान्यता लागत नाही. खासगी दवाखान्याला जिल्हा समितीची मान्यता लागते आणि ते प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म बी, येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसेल असे लावणे बंधनकारक आहे. भिंतीवर ते शोधावे आणि कोणत्या आठवड्यापर्यंतची मान्यता आहे तेही वाचावे, कारण बारा आठवड्यांपुढच्या गर्भपातासाठी जास्त सोयी लागतात आणि त्या सगळीकडे नसतात. बारा आठवडे उलटले असतील तर तालुक्याच्या ठिकाणी चार दवाखाने फिरण्यापेक्षा थेट बेळगावचे जिल्हा रुग्णालय किंवा एखादे वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय गाठावे.

गर्भपात करणारा डॉक्टर ॲलोपॅथीचा, कायद्याने ठरवलेले शिक्षण किंवा प्रशिक्षण घेतलेला असला पाहिजे. आयुर्वेद किंवा होमिओपॅथीचे डॉक्टर, ते कितीही जुने आणि विश्वासू असले तरी, हे काम करू शकत नाहीत. आमच्या गावांमधून पहिली हाक त्यांनाच जाते, म्हणून हे ठासून सांगावे लागते. अपात्र व्यक्तीने किंवा मान्यता नसलेल्या जागी गर्भपात केल्यास दोन ते सात वर्षांच्या सक्तमजुरीची तरतूद आहे. सीमेलगतच्या म्हैसाळमध्ये २०१७ साली एका होमिओपॅथी डॉक्टरच्या दवाखान्याचे प्रकरण एका विवाहितेच्या मृत्यूमुळे उघडकीला आले आणि तिथे पुरलेले १९ भ्रूण सापडले. ‘एका रात्रीत काम करून देतो, कागद नको’ असे जिथे सांगतात तिथून उठून यावे.

टप्पा ४: सोनोग्राफी

सोनोग्राफी केंद्र नोंदणीकृत हवे आणि डॉक्टरची चिठ्ठी सोबत हवी. तिथे फॉर्म एफ भरून घेतात. त्यात नवरा किंवा आई-वडील यांच्यापैकी कोणाचे तरी नाव आणि आधीच्या अपत्यांची माहिती विचारली जाते. ही केवळ नोंद आहे. नाव लिहिले म्हणजे त्या व्यक्तीची परवानगी लागते असे नाही. केंद्रातील माणसे कधी कधी तसे भासवतात.

गर्भलिंगाबद्दल एक शब्दही विचारू नये आणि सोबतच्या सासूबाईंनाही विचारू देऊ नये. लिंगनिदान हा १९९४ च्या वेगळ्या कायद्याखालचा गुन्हा आहे. ते करवून घेणाऱ्याला पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. बळजबरीने तपासणीला नेलेल्या बाईला मात्र त्यात शिक्षा नाही.

या कायद्याच्या धाकाचा एक दुष्परिणाम इथे रोज दिसतो. दोन मुली असलेली बाई चौदाव्या-पंधराव्या आठवड्यात आली की डॉक्टर संशयाने पाहतात आणि कटकट नको म्हणून परत पाठवतात. दोन मुली असणे हे कायद्याने नकाराचे कारण नाही. लिंगनिदानाचा कायदा आणि गर्भपाताचा कायदा वेगळे आहेत. अशा वेळी उशीर का झाला ते पहिल्याच भेटीत स्वतःहून सांगावे: पाळी अनियमित होती, बाळ अंगावर पीत असल्याने पाळी आलीच नव्हती, तांबी बसवलेली असूनही दिवस गेले, जे खरे असेल ते.

टप्पा ५: संमती

अठरा वर्षे पूर्ण झालेल्या, मानसिक आजार नसलेल्या स्त्रीच्या गर्भपाताला फक्त तिचीच लेखी संमती लागते. नवऱ्याची नाही, सासऱ्यांची नाही, वडिलांची नाही. हा संमतीचा कागद म्हणजे फॉर्म सी. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या निकालात डॉक्टरांनी कुटुंबाची संमती, जादा कागदपत्रे किंवा न्यायालयाची परवानगी अशा कायद्याबाहेरच्या अटी घालू नयेत असे स्पष्ट म्हटले आहे. तरीही ‘मिस्टरांना घेऊन या’ हे वाक्य ऐकायला मिळतेच. नवरा गोव्याला कामाला, पुण्याला गाडीवर किंवा फौजेत असेल तर त्याच्या सुट्टीची वाट पाहण्यात महिना जातो, आणि नऊ आठवड्यांत गोळ्यांनी होणारे काम पुढे मोठी प्रक्रिया बनते. अशा वेळी वाद घालत बसू नये. ‘फॉर्म सीवर माझी सही पुरते, मला तो द्यावा’ असे शांतपणे म्हणावे. आधार कार्ड जवळ असेल तर न्यावे, पण ते नाही म्हणून घरी परतू नये.

कर्नाटकातील सरकारी रुग्णालयांत छापील कागद बहुधा कन्नडमध्ये असतात. वाचता येत नसेल तर नर्सकडून मराठीत किंवा हिंदीत वाचून घेतल्याशिवाय सही करू नये, आणि कागद किती आहेत ते मोजावे. एक कागद गर्भपाताचा, एक भुलीचा असे असू शकतात. पण त्यांच्यातच नसबंदीचा किंवा तांबीचा कागद असेल तर तो वेगळा ठेवण्यास सांगावे. ‘ऑपरेशन केले तरच गर्भपात करू’ ही अट कायद्यात कुठेही नाही. नसबंदी हवी असेल तर जरूर करावी, पण तो निर्णय वेगळा घ्यावा.

गुप्ततेविषयी: दाखल होणाऱ्या स्त्रियांची नोंदवही हा गोपनीय दस्तऐवज आहे. इतर कागदांवर नावाऐवजी अनुक्रमांक घालायचा असतो, आणि कायद्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीखेरीज कोणालाही नाव सांगणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. गावातली ओळखीची परिचारिका आहे म्हणून पन्नास किलोमीटर दूर जाण्यापूर्वी हे तिला आठवून द्यायला हरकत नाही.

*मुलगी अठरा वर्षांखालील असेल तर* पालकाची लेखी संमती लागते. कायद्यात पालक म्हणजे जिच्याकडे मुलीचा सांभाळ आहे ती व्यक्ती. आई-वडील ऊसतोडीला गेले असतील आणि मुलगी आजीकडे किंवा मावशीकडे राहत असेल तर आजीची किंवा मावशीची सही चालू शकते.

इथून पुढचा भाग घरातल्या मोठ्यांनी सावकाश वाचावा. अठराखालील मुलीच्या गरोदरपणाची माहिती पोलिसांना देणे डॉक्टरला पोक्सो कायद्याच्या (बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या) कलम १९ नुसार बंधनकारक आहे, मुलीचे लग्न झालेले असले तरीही. आपल्या भागात सोळाव्या-सतराव्या वर्षी लग्न लावून दिलेल्या मुली आहेत. जावयावर गुन्हा दाखल होईल या धास्तीने त्यांना सरकारी रुग्णालयाऐवजी गोळ्या आणि भोंदू यांच्या हवाली केले जाते. इथे मुलीचा जीव पणाला लागतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये यावर मधला मार्ग दिला आहे: मुलीने आणि पालकाने विनंती केली तर डॉक्टरने पोलिसांना कळवताना मुलीचे नाव आणि ओळख उघड करण्याची गरज नाही. ही विनंती पहिल्याच भेटीत, लेखी द्यावी. तोंडी सांगितलेले ड्युटी बदलल्यावर येणाऱ्या डॉक्टरपर्यंत पोहोचत नाही.

अत्याचाराची तक्रार करायची असेल तर उलट क्रम लक्षात ठेवावा: गर्भपाताच्या *आधी* रुग्णालयाला आणि पोलिसांना सांगावे, म्हणजे डीएनए तपासणीसाठी नमुना जपून ठेवता येतो. नंतर सांगितले तर पुरावा गेलेला असतो. अशा पीडितेवर मोफत उपचार करणे खासगी रुग्णालयांनाही बंधनकारक आहे.

टप्पा ६: गोळ्या किंवा प्रक्रिया

नऊ आठवड्यांपर्यंत गोळ्यांनी गर्भपात करता येतो. त्या डॉक्टरच्या चिठ्ठीवरच मिळायच्या असतात. चिठ्ठीविना, बिलाविना, दुप्पट पैशांत मिळालेल्या पाकिटात काय आहे याची खात्री नसते. पण त्याहून मोठा धोका वेगळा आहे: गर्भ पिशवीबाहेर, नळीत असेल तर गोळ्यांनी काही होत नाही, आणि ‘रक्त गेले म्हणजे झाले’ असे समजून बाई घरी बसते. नळी फुटली तर काही तासांत जीव जाऊ शकतो. गोळ्या घेण्याआधीची तपासणी म्हणूनच टाळू नये. अंगात रक्त फार कमी असेल, तांबी बसवलेली असेल, रक्त न गोठण्याचा आजार असेल किंवा बरेच दिवस स्टिरॉइड चालू असतील तर डॉक्टरला आधी सांगावे. रक्तगटही तपासून घ्यावा, कारण निगेटिव्ह असेल तर इंजेक्शन लागते का ते डॉक्टर ठरवतात.

गोळ्या दोन टप्प्यांत घ्यायच्या असतात. दुसऱ्या टप्प्यातील गोळ्यांच्या दिवशी रक्तस्राव आणि पोटात कळा सुरू होतात. तो दिवस आधी ठरवावा, सोबत एक बाई असावी आणि रुग्णालय जवळ असावे. कणकुंबी, जांबोटीच्या बाजूच्या बायकांनी पावसाळ्यात तो दिवस गावी काढू नये; ओढ्याला पाणी आले की गाडी येत नाही. खानापुरात किंवा बेळगावात नातेवाइकांकडे दोन रात्री राहावे.

नऊ आठवड्यांनंतर पिशवी रिकामी करण्याची प्रक्रिया रुग्णालयातच होते. पहिल्या तीन महिन्यांत शक्य असेल तिथे नळीने ओढून घेण्याची पद्धत खरवडण्याच्या क्युरेटिंगपेक्षा सुरक्षित मानली जाते. कोणती पद्धत वापरणार हे विचारावे.

टप्पा ७: नंतरचे दिवस

खालीलपैकी काहीही झाले तर वाट न पाहता १०८ ला फोन करावा किंवा रुग्णालय गाठावे:

- सलग दोन तास, दर तासाला दोन किंवा अधिक पॅड पूर्ण भिजणे
- एक दिवसाहून जास्त ताप राहणे
- घाण वास येणारा स्राव
- औषधाने न थांबणारी पोटदुखी, चक्कर किंवा शुद्ध हरपणे

आपण आधी कुठून, कोणत्या गोळ्या घेतल्या ते रुग्णालयात खरे सांगावे. उपचार त्यावर अवलंबून असतात.

गोळ्या घेतल्या असतील तर पंधराव्या दिवशीची भेट चुकवू नये. गर्भपात पूर्ण झाला की नाही ते तेव्हाच कळते. बरे वाटू लागले की बहुतेक जणी ही भेट सोडून देतात. पुढची पाळी यायच्या आधीच, दोन आठवड्यांतही, पुन्हा दिवस जाऊ शकतात, म्हणून गर्भनिरोधकाचे त्याच भेटीत किंवा त्याआधी ठरवावे. तायी कार्ड (कर्नाटकात गरोदर बाईच्या नोंदीचे सरकारी कार्ड) काढलेले असेल आणि आशा कार्यकर्ती विचारायला आली तर ‘गर्भपात झाला’ एवढे सांगितले तरी चालते. त्यापलीकडे तिला कारण देण्याची गरज नाही.

टप्पा ८: नकार मिळाला किंवा चोवीस आठवडे उलटले तर

नकार मिळाला की दुसऱ्या गावी धावण्याआधी नकाराचे कारण लेखी मागावे. कागद मागितला की बऱ्याचदा ‘थांबा, बघतो’ असे उत्तर येते. तरीही नाही म्हटले तर त्याच दिवशी जिल्हा आरोग्याधिकाऱ्यांकडे अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.

चोवीस आठवड्यांपुढे व्यंग आढळले असेल तर अर्ज वैद्यकीय मंडळाकडे जातो. मंडळाने अर्ज मिळाल्यापासून तीन दिवसांत मत द्यायचे असते आणि परवानगी मिळाल्यास अर्जापासून पाच दिवसांत प्रक्रिया व्हावी लागते. अर्जासोबत सोनोग्राफीचा मूळ अहवाल, आधीचे सर्व अहवाल आणि शेवटच्या पाळीची तारीख द्यावी. एक अहवाल कमी असल्याने दिवस वाया जातात, म्हणून आदल्या रात्री कागद लावून ठेवावेत.

कायद्यातल्या कोणत्याच वर्गात न बसणाऱ्या स्त्रीला उच्च न्यायालय हा मार्ग उरतो. बेळगाव जिल्ह्यासाठी ते धारवाड पीठ. न्यायालय साधारणपणे आधी वैद्यकीय मंडळाचा अहवाल मागवते आणि मग निर्णय देते. परवानगीची खात्री नसते. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सव्वीस आठवडे उलटलेल्या एका विवाहितेला परवानगी नाकारली होती. वकिलाच्या फीची चिंता करू नये: उत्पन्न कितीही असले तरी स्त्रीला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, आणि त्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे. प्राधिकरणाच्या वकिलाला पहिल्याच फोनवर आठवडे आणि शेवटच्या पाळीची तारीख सांगावी, म्हणजे सुनावणी तातडीने लावण्याची विनंती त्याला करता येते. धारवाडला जाताना आधीच्या नकाराचा लेखी कागद आणि अर्जाची पोच यांच्या दोन-दोन झेरॉक्स सोबत ठेवाव्यात.